खर्जाची जुळणी : एका जुन्या डबल बेसच्या निमित्ताने

मास्तरांचा डबल बेस त्यांच्या घरच्या मंडळींनी गेल्या वर्षी शाळेच्या स्वाधीन केला. माणसाहून उंच अशा या वाद्याचे करायचे काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. दर्शनी दालनात काचेचे कपाट करून त्यात ते जतन करावे, असा ठराव माजी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत झाला. सुताराला मापेही दिली गेली. ठरावामागची भावना आदराची होती, याविषयी मला शंका नाही. तरीही मी मंडळाकडे सहा महिन्यांची मुदत मागितली आणि मंडळाने ती मोठ्या मनाने दिली. त्या सहा महिन्यांत काय केले ते यंदाच्या स्मृतिव्याख्यानात सांगावे, अशी सूचना आल्यामुळे हा विषय मी घेतला. व्याख्यानाच्या वेळी वाद्य शेजारी उभे होते, त्यामुळे नुसते बोट दाखवून पुष्कळसे काम भागले. छापील मजकुरात ती सोय नसल्याने येथे काही गोष्टी अधिक फोड करून लिहिल्या आहेत.

मुदत मागण्याला एक जुने कारण होते. नववीत असताना मी मास्तरांच्या घरी व्हायोलिनच्या शिकवणीला जात असे. पडवीच्या कोपऱ्यात हा बेस भिंतीला टेकून उभा असे. एकदा धीर करून मी विचारले आणि मास्तरांनी तो माझ्या हाती दिला. मी तार दाबली. ती पट्टीपर्यंत पोहोचेना. सारे बळ एकवटून दाबली तेव्हा फुटका सूर निघाला आणि बोटावर वळ उमटला. आठवडाभर खटपट करून मी नाद सोडला. आपल्या हाताचा हा पिंड नव्हे, अशी माझी खात्री झाली आणि ती पुढे सात-आठ वर्षे टिकली. मुंबईत एका वाद्यवृंदातल्या बेसवादकाने आपले वाद्य सहज म्हणून माझ्यापुढे केले, तेव्हा ती मोडली. त्याच्या बेसवर तेच बोट, तीच तार. पण बेताच्या दाबाने स्वच्छ सूर आला. पुढे त्याच वाद्यावर मी पोट भरले.

गेल्या वर्षी मास्तरांचा बेस शाळेत आला, त्या दिवशी पोलादी मोजपट्टी घेऊन मी पट्टीच्या खालच्या टोकापाशी तारांची उंची मोजली. सर्वांत जाड तार पट्टीपासून १७ मिलिमीटर वर होती. बोटांनी वाजविणाऱ्या नवशिक्यासाठी ती ८ ते १० मिलिमीटर पुरते. मधल्या वर्षांत वाद्याची मान पुढे झुकून ती उंची थोडी वाढली असेल, हे मान्य; पण तेव्हाही ती फार कमी असेल असे नाही. नववीतल्या मुलाला हरविले ते या मिलिमीटरांनी. दर्शनी दालनाशेजारच्याच वर्गांत आजही नववीची मुले बसतात, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मास्तरांचा यात दोष नव्हता. जुन्या काळी बेसला तातीच्या तारा असत. तात मऊ आणि तिचा ताण कमी. ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात नृत्याच्या बँडला पुरेल एवढा आवाज काढायचा, तर तार उंच ठेवून तिला मोठा हेलकावा द्यावा लागे. १९५० नंतर पोलादी तारा रूढ होत गेल्या. त्या जास्त ताणाच्या, कडक आणि दणकट आवाजाच्या; त्यांना एवढ्या उंचीची गरज नाही. पण अनेक ठिकाणी तारा बदलल्या आणि घोडी जुनीच राहिली. मास्तरांच्या बेसवरही तेच झाले होते.

गोव्यात हे वाद्य उपरे नाही. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘रबेकांव’ म्हणतात. चर्चच्या शाळांतून सोल्फेज आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा येथे शतकांची आहे. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईस गेले आणि विसाव्या शतकात हॉटेलांतील बँड, जॅझ आणि हिंदी चित्रपटसंगीत या तिन्ही ठिकाणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा, किंवा १९५८ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा करणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांना माहीत आहेत. त्यांच्या मागे उभे राहून खर्ज भरणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच छापली गेली नाहीत. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. ती काखेत मारून नेता येई आणि आवाज हवा तेवढा वाढविता येई. हळूहळू मोठा बेस बँडमधून हटला आणि घराघरांच्या कोपऱ्यांत जाऊन उभा राहिला. मास्तरांना हा बेस शेजारच्या एका ख्रिस्ती वादकाने, बँड मोडल्यावर, दिला होता. असे कित्येक बेस अजून जुन्या घरांत असतील. ज्यांच्या घरी असे वाद्य आहे किंवा ज्यांना ते मिळण्याचा योग आहे, त्यांच्यासाठीच पुढील मजकूर आहे.

प्रथम वाद्याची ओळख. जाडीकडून बारकीकडे चार तारा ई, ए, डी, जी अशा लागतात. ई ची कंपने सेकंदाला सुमारे ४१, जी ची सुमारे ९८. व्हायोलिनच्या लगतच्या तारांत षड्ज-पंचमाचे नाते असते. बेसच्या तारांत षड्ज-मध्यमाचे. ई ला षड्ज मानले तर ए हा तिचा मध्यम, ए ला षड्ज मानले तर डी तिचा मध्यम. याचे कारण हाताच्या मापात आहे. व्हायोलिनची नादणारी तार सुमारे ३३ सेंटिमीटरची, तर बेसची साधारण १०५ सेंटिमीटरची. मोकळ्या तारेपासून शुद्ध रिषभापर्यंत बोट न्यायला व्हायोलिनवर साडेतीन सेंटिमीटर पुरतात, बेसवर साडेअकरा लागतात. तारा पंचमाच्या अंतरावर असत्या तर सप्तक गाता गाता हात थकला असता.

जुने वाद्य हाती आले की पहिले काम पाहण्याचे. आत चिकटविलेल्या चिठ्ठीवर मात्र विश्वास ठेवू नये. मोठमोठ्या इटालियन कारागिरांची नावे छापलेल्या चिठ्ठ्या कारखान्यांनी हजारोंनी चिकटविल्या आहेत. बांधणी अधिक खरे बोलते. युरोपातून बाहेर गेलेले स्वस्त आणि मध्यम प्रतीचे पुष्कळसे बेस सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खन आणि सरहद्दीपलीकडचे बोहेमियातील शोनबाख या परिसरात तयार झाले. शोनबाख म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताकातील लुबी. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मनभाषक कारागिरांना घरदार सोडावे लागले आणि त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियातील बुबेनरॉइट या खेड्यात पुन्हा पटाश्या हाती घेतल्या. मास्तरांच्या बेसची चिठ्ठी गळून गेली आहे. तो याच मुलखातला असावा असे त्याचा घाट सांगतो, एवढेच मी म्हणेन.

दुसरा प्रश्न लाकडाचा. पोटावरच्या एफ आकाराच्या खाचांची कड निरखून पाहावी. कडेला थर दिसले तर वाद्य प्लायचे. एकसंध स्प्रूसचे उभे तंतू दिसले तर ते कोरलेल्या फळीचे. मास्तरांचा बेस प्लायचा निघाला, तेव्हा मंडळातल्या एका मित्राचा चेहरा उतरला. त्यांना मी सांगितले ते येथेही सांगतो. प्लायच्या बेसला कमी लेखण्याचे कारण नाही. शिकागोच्या ‘के’ कंपनीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे बेस मोठ्या संख्येने केले आणि अमेरिकेतील जॅझवादकांनी ते आयुष्यभर वाजविले. कोरलेल्या फळीचा नाद अधिक गहिरा असतो, हे खरे. पण आपल्या पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि निष्काळजी घरात तिला भेगा पडतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. वर्षानुवर्षे पडवीत उभा राहूनही हा बेस एकाही भेगेवाचून आपल्यापर्यंत आला, तो या प्लायमुळे.

मग सांधे. बोटाच्या पेराने वाद्याच्या कडेकडेने टिचक्या मारीत जावे. चिकटलेल्या ठिकाणी भरीव आवाज येतो, सुटलेल्या ठिकाणी फटफटीत. आमच्याकडे खालच्या बाजूला दोन वितींचा सांधा सुटलेला सापडला. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सांधा सुटावा अशीच ही वाद्ये बांधलेली असतात. जुने कारागीर जनावराच्या कातड्याचा सरस वापरीत. आपल्याकडच्या जुन्या सुतारांना तो चांगला ठाऊक आहे : पाण्यात भिजवायचा, मग एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरे भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास ऊन करायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची ताकद जाते. हा सरस लाकडाहून किंचित दुबळा राहील असा पातळ ठेवतात. ओलाव्याने लाकूड ओढ घेऊ लागले की आधी सांधा सुटतो आणि फळी वाचते. शिवाय ऊन पाण्याने तो पुन्हा सोडविता येतो. पुढच्या पिढीच्या कारागिराला वाद्य उघडता यावे, ही सोय त्यात आहे.

मास्तरांच्या बेसच्या मानेशी मात्र मधल्या काळात कोणीतरी पांढऱ्या सुतारी गोंदाने आणि तीन लोखंडी स्क्रूंनी दुरुस्ती केली होती. गोंद लाकडाच्या रंध्रांत मुरला होता, स्क्रू गंजून लाकूड काळे पडले होते. ती एक जागा साफ करण्यात आमचे पाच आठवडे गेले. सहा महिन्यांतले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम ते होते, कारण मानेचा सांधा हलता राहिला तर पुढची सारी मापे व्यर्थ. हे काम नवशिक्याने करू नये. व्हायोलिन दुरुस्त करणारा जाणता माणूस मिळेपर्यंत थांबावे. घरच्या कपाटाचा सुतार कितीही कुशल असला तरी त्याला सांधा कायमचा करण्याची सवय असते, आणि येथे नेमके तेच नको असते.

आता वाद्याच्या पोटातल्या त्या वस्तूविषयी, जी बाहेरून दिसत नाही. पोट आणि पाठ यांच्यामध्ये स्प्रूसची एक गोल दांडी उभी असते. अंगठ्यापेक्षा किंचित जाड. ती चिकटविलेली नसते. तारांचा भार घोडीवर आणि घोडीचा पोटावर येतो, त्या दाबानेच ती जागेवर राहते. पोर्तुगीजमध्ये तिला ‘आल्मा’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘आनिमा’, फ्रेंचमध्ये ‘आम’. तिन्ही शब्दांचा अर्थ आत्मा. मराठीत तिला शब्द नाही. मी खांब म्हणतो.

हा खांब घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, म्हणजे शेपटीच्या बाजूला, साधारण स्वतःच्या जाडीइतक्या अंतरावर उभा असावा लागतो. घोडीच्या दुसऱ्या पायाखाली, पोटाच्या आतल्या अंगाला, एक लांब पट्टी चिकटविलेली असते. खांबाकडचा पाय जवळजवळ स्थिर राहतो, पट्टीकडचा पाय अधिक हलतो आणि घोडी डुलू लागते. तिच्या त्या डुलण्याने सबंध पोट हलते, तेव्हा तारेचा क्षीण कंप सभागृहाला ऐकू जाईल असा नाद होतो. खांब अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी आवाज बदलतो : कधी कोरडा होतो, कधी घुमटातल्यासारखा घुमतो. म्हणून त्याच्याशी खेळण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. खांब फार घट्ट बसविला तर तो पोट आतून वर ढकलतो, आणि कोरलेल्या फळीच्या वाद्यात नेमक्या तेथेच चीर जाते. सर्व चिरांत ती वाईट.

मी स्वतः घेतलेल्या पहिल्या बेसच्या चारही तारा नव्या चढविण्यासाठी एकदम सोडल्या होत्या. पोटात खट् असा आवाज झाला. काय झाले ते मला कळले नाही. नव्या तारा चढवून मी त्या स्वरात आणल्या आणि पोट घोडीखाली खचू लागलेले डोळ्यांनी पाहिले. घाईघाईने तारा सोडल्या म्हणून वाद्य वाचले. चारही पोलादी तारांचा मिळून ताण शंभर किलोंहून अधिक असतो. त्याचा जो भाग घोडीवरून खाली दाबतो तो पेलायला आत कोणी नव्हते. तेव्हापासून तारा बदलताना एका वेळी एकच सोडावी, हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. खांब पडलाच तर तारा ढिल्याच ठेवाव्यात, वाद्य आडवे ठेवावे आणि जाणत्याला बोलवावे. एफच्या खाचेतून वाकडी सळई घालून, दंतवैद्याचा आरसा आत धरून तो उभा करावा लागतो. पहिल्यांदा मला त्याला सबंध दुपार लागली होती.

मास्तरांच्या बेसचा खांब उभा होता, पण आखूड पडला होता. पाठीवर एका कडेने टेकत होता. नवा केला. खांबाच्या दोन्ही टोकांना पोटाच्या आणि पाठीच्या उतारानुसार तासावे लागते, आणि आत हात जात नसल्याने हे काम अंदाजाने, पुन्हा पुन्हा बाहेर काढून करावे लागते. येथे घाई चालत नाही. जास्त कापला गेला की नवा तुकडा घ्यायचा.

घोडीचे काम त्यामानाने उघड्यावरचे. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीच्या पृष्ठाला केसभर उतार देतो, तो तारेने घोडीला अलगद घासत राहावे म्हणून. त्या घासण्यातच तंबोऱ्याचे सौंदर्य आहे. बेसच्या घोडीवर याच्या उलट हवे. तार एका निमुळत्या खाचेत, निम्मी आत निम्मी बाहेर, ठामपणे बसावी आणि तेथून स्वच्छ सुटावी. बाकीचे नियम थोडेच आहेत. घोडी मेपलची असते. तिचे पाय पोटाच्या गोलाईवर असे घासून बसवावेत की कागदाचा कपटाही आत जाऊ नये. दोन्ही एफच्या आतल्या बाजूला ज्या बारीक खुणा कापलेल्या असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषेवर घोडी उभी राहावी. तिची शेपटीकडची बाजू पोटाशी काटकोनात असावी. तारा पिळताना घोडीचे डोके हळूहळू पट्टीकडे ओढले जाते. ते दर वेळी दोन्ही हातांनी धरून मागे आणावे. न आणल्यास घोडी एके दिवशी पडते आणि पडताना पोटाला खोक पाडते.

आमच्या घोडीच्या दोन्ही पायांत पितळी फिरकीचे स्क्रू बसविले, म्हणजे तारांची उंची ऋतूनुसार बदलता येते. पट्टी आबनुसाची नसून काळा रंग दिलेल्या मेपलची निघाली, आणि तिच्यावर तारांनी चर पाडले होते. ती रंधून घेतली. रंधताना पट्टी सपाट करायची नसते. लांबीच्या मध्यभागी तिला एक-दोन मिलिमीटरांचा हलका खोलगटपणा ठेवतात, कारण कंपणारी तार मध्यावर सर्वांत रुंद डुलते. मग वरच्या टोकाचा मेरू. त्याच्या खाचा उथळ राहिल्या की पहिल्या सुरालाच बोट दुखते आणि नवशिक्या घोडीला दोष देत बसतो. मेरूपाशी तार पट्टीपासून जाड कागदाएवढी वर असली की पुरे. सारे झाल्यावर पुन्हा मोजले : ई नऊ मिलिमीटर, जी सहा.

तारांविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या वाद्याला कमी ताणाच्या तारा घ्याव्यात. दणदणीत आवाजाच्या लोभाने जाड पोलादी संच चढविणे म्हणजे वृद्ध माणसाच्या डोक्यावर गोणी देणे. तातीचा नाद मला अजून सर्वांत प्रिय आहे, पण आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तात फुगते आणि तासातासाला उतरते. शाळेसाठी हलक्या ताणाचा पोलादी संच घेतला.

वाद्य तयार झाले, आता माणूस. बेस उभा धरताना खालचा लोखंडी दांडा एवढा बाहेर काढावा की मेरू साधारण भुवईच्या पातळीला येईल. वाद्य अंगावर किंचित कलते घ्यावे. त्याचे वजन डाव्या हाताने पेलायचे नसते. डावा हात मोकळा झाला का, हे पाहण्याची साधी खूण अशी : तो काढून घेतला तरी वाद्य पडू नये. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढीच बोटे खालच्या भागात वापरतात. अनामिका करंगळीच्या मदतीला राहते. व्हिएन्नात शिकविणारे फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात हीच पद्धत ग्रथित केली आणि तिची पुस्तके आजही चालतात. तर्जनीपासून करंगळीपर्यंतचे अंतर एका पूर्ण स्वराचे, म्हणजे मेरूजवळ सुमारे अकरा सेंटिमीटर. बोटे ताणून ते गाठू नये. कोपर उचलून सबंध हात उघडावा. अंगठा मानेच्या मागे मध्यमेच्या समोर, नुसता टेकलेला. अंगठ्याने दाबायला लागलो की मनगट पंधरा मिनिटांत संपते. तार पट्टीवर आणायची ती हाताच्या वजनाने, चिमट्याने नव्हे.

पहिले काही आठवडे गजाने वाजवावे, असे माझे मत आहे. जॅझवाले मित्र याला हसतात. गजाने सूर लांब राहतो आणि कान त्याला पकडू शकतो. बोटाने छेडलेला सूर चुकीचा असला तरी कळण्याआधीच विरून जातो. पडदे नसलेल्या वाद्यावर कान हाच पडदा. गजाला बेसचीच राळ लावावी. व्हायोलिनची राळ एवढ्या जाड तारेला पकडत नाही. आणि तंबोरा सोडून वाजवावे. आमच्या शाळेत तंबोरे आहेत, ही केवढी सोय! पाश्चात्त्य वाद्य म्हणून त्याच्याशी सोवळे पाळण्याचे काही कारण नाही. ए हा षड्ज धरून तंबोरा मध्यमात लावला की बेसची डी तार आपोआप त्यात विरघळते. न विरघळली तर ती बेसूर आहे.

तारा आपसांत मिळविण्याची एक युक्तीही देऊन ठेवतो. जाड तारेला मेरूपासून तिच्या लांबीच्या एक-चतुर्थांशावर बोट नुसते टेकवून छेडावे आणि तिच्या शेजारच्या बारीक तारेला एक-तृतीयांशावर. दोन्हींतून एकच उंच, बासरीसारखा सूर यायला हवा. ई ची चौपट आणि ए ची तिप्पट कंपने जवळपास १६५ होतात, म्हणून हे जमते. दोन सुरांत लाटा ऐकू आल्या तर त्या विरेपर्यंत खुंटी फिरवावी. पेटीशी ताडून पाहिल्यास केसभर फरक राहतो, तो पेटीचा.

बोटांनी छेडताना तर्जनीचे टोक न वापरता तिची कड तारेला भिडवावी आणि तार बाजूला ओढावी, वर उचलू नये. पहिल्या महिन्यात फोड येतो. फोड आला की त्या दिवशी थांबावे. वीस मिनिटांहून अधिक सराव नवशिक्याने एका बैठकीत करू नये, असा नियम मी शाळेत घालून दिला आहे आणि तो मोडण्याची मुलांची इच्छा पाहून मला बरे वाटते.

आता कपाटाचा प्रश्न. सतत वाजविल्याने वाद्य खुलते, असे वादक म्हणतात. ते खरे असेल. वाद्यापेक्षा वादक अधिक खुलत असेल, अशीही मला शंका आहे. म्हणून तो मुद्दा मी मंडळापुढे मांडला नाही. मी मांडला तो हवेचा. आपल्याकडे बंद काचेच्या कपाटात पावसाळ्याचे चार महिने हवा कोंडते, बुरशी धरते, लाकूडकिड्याला निवांतपणा मिळतो, आणि भुसा खाली पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. प्रदर्शनात ठेवायचे म्हणून तारा उतरविल्या तर खांब पडतो. तशाच ताणून ठेवल्या आणि कोणी पाहिले नाही तर घोडी कलते. वाजविणारा माणूस रोज वाद्याला हात लावतो, त्याला सुटलेला सांधा त्याच आठवड्यात ऐकू येतो. मंडळातल्या वडीलधाऱ्यांपैकी दोघांना हे अजून पटलेले नाही. मास्तरांच्या वस्तूला पोरांचे हात लागावेत, हे त्यांना रुचत नाही, आणि त्यांचा मास्तरांशी संबंध माझ्याहून जुना असल्याने मी अधिक बोललो नाही. मंडळाने एक वर्षापुरती परवानगी दिली आहे.

मधल्या काळात आठवीतली एक मुलगी आणि नववीतले दोन मुलगे शनिवारी येतात. मुलीची उंची पाच फूट भरत नाही. ती उंच स्टुलावर टेकून वाजविते, आणि तिच्या गजाला तिघांत अधिक ठेहराव आहे. पावसाळा लागला की पोट फुगून वर येईल आणि तारांची उंची मिलिमीटर-दोन मिलिमीटरांनी वाढेल, तेव्हा फिरकी किती फिरवायची ते त्यांना शिकविले आहे. संगीतकक्षाच्या दाराआड एक वही टांगली आहे. तीत दर पंधरा दिवसांनी चारही तारांची उंची, तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव लिहायचे आहे. पहिल्या पानावर मी १७ चा आकडा लिहून ठेवला आहे. सुताराने केलेले कपाट वाया गेलेले नाही : मास्तरांची जुनी घोडी, त्या बेसचा आखूड झालेला खांब, गंजलेले तीन स्क्रू आणि राळेचा डबा सध्या त्यात आहे, आणि किल्ली त्या मुलीकडे आहे.